पेरलेली बाटली

मंगळवारी दुपारी पडद्याच्या कोपऱ्यातली हिरवी ढाल तांबडी झाली. फ्रिजची घरघर थांबली की मगच ती इतका वेळ चालू होती हे कळतं, तसं सुमनताईंना झालं. दोन वर्षं ती ढाल तिथं होती आणि त्यांनी तिच्याकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. आता तिच्याशेजारी इंग्रजीत एक ओळ आली होती. त्यांनी चष्मा वर सारला, पुन्हा खाली घेतला, आणि एकेक शब्द बोटानं धरून वाचला, जशा त्या एकेकाळी बाटल्यांवरची लेबलं वाचत. मुदत संपली आहे. या संगणकाचं रक्षण आता होत नाही. एक्स्पायरी हा शब्द त्यांना नवा नव्हता. औषधाच्या कंपनीत एकोणतीस वर्षं तो त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता. औषधाची मुदत संपते हे ठीक, आतलं काहीतरी हळूहळू विटत जातं. पण राखण करणाऱ्याची मुदत कशी संपते? तो काय एका ठरलेल्या दुपारी काठी भिंतीला टेकवून निघून जातो?

त्यांनी रविराजला फोन लावला. चाकणच्या एका कारखान्यात तो गुणवत्ता विभागाचा साहेब. मागून प्रेसचे दणके ऐकू येत होते.

"अगं आई, अँटीव्हायरस संपलाय, एवढंच. रविवारी येऊन बघतो मी."

"मी दिव्याला विचारते की. तळवड्याला कॉम्प्युटरमध्येच आहे ती."

"नको, नको. तू कशाला हात लावू नकोस. रविवारपर्यंत बंदच ठेव."

"अरे, पण पाच दिवस मी—"

"आई, प्लीज. हात लावू नको म्हटलं ना."

शेवटचं वाक्य तो ज्या आवाजात बोलला तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. रवी चार वर्षांचा असताना स्टोव्हपाशी यायचा तेव्हा त्या असंच म्हणायच्या, मान न वळवता, पोळी उलथताना. त्यांनी फोन ठेवला. बाहेर संत तुकाराम नगरची दुपार नेहमीसारखी पसरली होती. भंगारवाल्याची हाळी कोपऱ्यावरून वळून गेली, समोरच्या जाईबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया पांढऱ्याफटक दिसत होत्या. संगणक बंद ठेवायचा म्हणजे ही दुपार कुठं ठेवायची, ते काही तो बोलला नव्हता.

संगणक घरात आला तो त्यांचे यजमान चिमाजी यांना जाऊन चार वर्षं झाल्यावर. चिमाजी होते तेव्हा दुपारी बोलायला माणूस होतं. माणूस कसलं, ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडायचे आणि "हं" म्हणायचे, पण ते "हं" बरोबर जागेवर यायचं. ते गेले आणि सुमनताईंची वाक्यं अर्धीच राहायला लागली. मग रविराजनं हा संगणक आणून बाहेरच्या खोलीत मांडला, मराठीत टाइप करायचं दाखवलं. शेवटची काही वर्षं कंपनीत तपासणीच्या नोंदी त्या टंकत असत, त्यामुळं बोटांना सवय होती. आठवड्याभरात त्या शोधायच्या चौकटीत लिहायला लागल्या. लिहायला म्हणजे विचारायला. हुलग्याचं पीठ किती दिवस टिकतं. गुडघ्यातून कटकट आवाज का येतो. कास पठारावर आता फुलं असतील का. उत्तरं यायची, ती त्या वाचायच्याही, पण खरी मजा विचारण्यात होती. समोर एक पांढरी पट्टी होती आणि ती सगळं ऐकून घेत होती. कधी कधी त्या असं काही लिहायच्या की ज्याला उत्तरच नसे, मग ते एकेक अक्षर मागं जात पुसून टाकायच्या आणि उठून गॅसवर चहाचं आधण ठेवायच्या.

आणि साधारण त्याच सुमारास रविराजला त्यांच्या मनातलं कळायला लागलं. असं त्या जाईबाईंना सांगत. आधी तो असा नव्हता. मुलगा चांगला, पण त्याच्यापुढं दुखणं मांडून ठेवावं लागे, वर खूण करून सांगावं लागे. आता मात्र न सांगता कळायचं. रोज संध्याकाळी पाचला त्याचा फोन यायचा आणि तो सहज म्हणायचा, "आई, गुडघा वाजतोय का गं तुझा?" दोन दिवसांनी गुडघ्याचा पट्टा घरपोच. कधी हुलग्याचं पीठ. एकदा कुठलेसे सहकारी कासला गेले होते म्हणून त्यानं फुलांचे पंचवीस फोटो पाठवले, आणि त्या फोटोंतल्या निळ्या-जांभळ्याकडं बघताना सुमनताईंना साताऱ्याच्या माहेरचा वारा अंगाला लागला होता. जाईबाई म्हणायच्या, "माझ्या पोराला तोंडानं ओरडून सांगितलं तरी कळत नाही. तुझं बरं आहे बाई." सुमनताई वरवर म्हणायच्या, "कसलं बरं, आईचं मन मुलाला कळणार नाही तर कुणाला?" आणि पदराला उगीच हात पुसायच्या. ते बोलताना आत काहीतरी ऊन पाण्यासारखं पसरायचं. सगळ्यांत मोठी गोष्ट तर त्यांनी जाईबाईंनाही सांगितली नव्हती. ती आषाढातल्या एका बुधवारची होती आणि ती त्यांनी स्वतःपुरती ठेवली होती.

पण मंगळवारी संध्याकाळी दिव्या कामावरून आली तेव्हा त्यांनी तिला हाक मारलीच. दिव्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, मूळची लातूरकडची, बोलायला मोकळी. हात लावू नको म्हटलं की हात शिवशिवतो, तो काही फक्त चार वर्षांच्या पोराचा शिवशिवत नाही.

"काकू, बाजारात ढीग पडलेत," दिव्या म्हणाली. "जाहिरातीत सगळेच शूर. तीन नावं देते. प्रत्येकाचे काही दिवस फुकट वापरायला असतात. एक टाकायचं, बघायचं, काढायचं, मग दुसरं. दोघं एकदम ठेवू नका, एकमेकांवरच धावून जातात."

"आणि चांगला कुठला, ते कसं ठरवायचं?"

"ते कुणालाच ठरवता येत नाही, काकू," दिव्या हसली. "ज्यानं काही धरलं नाही, तो चांगला आहे का आंधळा आहे, काय सांगावं?"

हे वाक्य सुमनताईंच्या मनात रुतून बसलं. दिव्याला ते सहज सुचलं होतं. सुमनताईंनी त्या वाक्यावर अर्धं आयुष्य काढलं होतं. इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या लांबलचक खोलीत खिडक्या नव्हत्या. प्रत्येकीपुढं एक फळी, अर्धी काळी, अर्धी पांढरी, वर पांढरा दिवा. बाटली मानेला धरून उलटी करायची, बुडबुडे येणार नाहीत इतक्या हळू फिरवायची, आणि थांबवायची. मनात मोजून पाच आकडे काळ्यापुढं, पाच आकडे पांढऱ्यापुढं. काळ्यावर धागा दिसतो, काचेचा कण चमकतो. पांढऱ्यावर काळा ठिपका. आतलं पाणी थांबलं तरी जे हलत राहतं ती खोट. वीस मिनिटं झाली की घंटी व्हायची आणि त्यांना बाहेर शिरीषाच्या झाडाखाली उभं करायचे, डोळ्यांना हिरवं दाखवायला. बावीस बायका एका रांगेत न बोलता झाडाकडं बघताहेत, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला वेड्यांचं वाटलं असतं. ज्या बाईच्या नापास मालाच्या तांबड्या तबकात दिवसभर एकही बाटली पडली नाही, तिचा माल चांगला होता की तिचे डोळे मिटलेले होते? हा प्रश्न कंपनीलाही पडायचा. म्हणून कंपनी बाटल्या पेरायची. मुद्दाम धागा घातलेली, कण सोडलेली बाटली चांगल्यांत मिसळून द्यायची. तिच्या बुडाशी एक खूण, जी फक्त त्यांच्या खास दिव्याखाली दिसे. ती तुमच्या हातून सुटली की मेमो. बायका तिला पेरलेली बाटली म्हणत आणि ती कोण पेरतं, कधी पेरतं, यावर डबा खाताना तासन्‌तास तर्क चालत.

बुधवारी त्यांनी ठरवलं तसंच केलं. एकच तबक तीन तपासनिसांना. दिव्यानं कागदावर लिहून दिलं होतं कुठं काय दाबायचं. पहिल्याला त्यांनी छत्री म्हटलं, कारण त्याचं चित्र छत्रीचं होतं. छत्रीनं दोन तास सगळा संगणक चाळला आणि सांगितलं, सगळं स्वच्छ आहे, आणि लगेच विचारलं, पैसे भरणार का. सुमनताईंना तो माणूस आवडला नाही. फार गोड हसत होता. दुसऱ्याच्या चित्रात कुलूप होतं. कुलपानंही स्वच्छ म्हटलं, फक्त तीनशे जुन्या फायली फेकून द्या म्हणाला. म्हणजे झाडलोट करणारा. तपासणीचा माणूस नव्हे. गुरुवारी सकाळी त्यांनी तिसरा बसवला. घुबड. घुबड बोलत नव्हतं, हसत नव्हतं. त्यानं फार सावकाश काम केलं, त्यांची आंघोळ झाली, भाजी फोडणीला पडली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग एक बारीक टिंग झालं. पडद्यावर पिवळी चौकट होती आणि तिच्यात एकच नाव, त्यांना न समजणारं. खाली दोन बटणं. काढून टाका. राहू द्या.

त्यांना आधी आनंदच झाला. बोटांत ती जुनी झिणझिण आली, धागा दिसल्यावर यायची ती. धरला! दिव्याला त्या दिवशी घरून काम होतं. त्यांनी जिन्यातून हाक मारली. दिव्या ओल्या केसांना टॉवेल गुंडाळूनच खाली आली. तिनं चौकट वाचली, आणखी दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहिलं, आणि तिचा टॉवेलवरचा हात थांबला.

"काकू, हा कॉम्प्युटर कोणी लावून दिलता?"

"रवीनं. का गं?"

"हा व्हायरस नाही. हे मुद्दाम घातलेलं आहे. लहान लेकरांच्या कॉम्प्युटरवर टाकतात आईबाप, लेकरू काय बघायलंय ते कळावं म्हणून. तुम्ही जे टाइप करता ना, ते सगळं दुसऱ्याच्या फोनवर जातं. तुमच्या जुन्या अँटीव्हायरसला सांगून ठेवलतं, याच्याकडं बघू नको म्हणून."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

"आणि लिहून पुसलं तर?"

दिव्यानं माऊस सोडला. मग म्हणाली, "बोट पडलं की जातं, काकू. पुसलेलं बी जातं."

तिनं एक पान उघडून दाखवलं. त्यात दोन ओळी होत्या. पालक, आणि पुढं रविराजचं नाव. मूल, आणि पुढं लिहिलं होतं: आई.

"काढू का?" दिव्यानं विचारलं. "एक बटण दाबलं की जातं. काढलं की त्यांच्या फोनवर तशी खबर तेवढी जाते."

"नको. राहू दे."

"काळजीनं केलं असंल, काकू. फसवणुकीचे फोन येतात, म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात. माझ्या डोक्यात बी आलं असतं, माझ्या आईसाठी."

"हो गं. काळजीनंच."

दिव्या गेल्यावर सुमनताईंनी भाजीचा गॅस बंद केला. भाजी लागली होती. त्या जेवल्या नाहीत. खुर्चीत बसून राहिल्या, आणि आषाढातला तो बुधवार आपोआप समोर आला. ती दुपार त्यांना क्षणाक्षणानं आठवत होती. तीन दिवस आभाळ धरलेलं होतं, रविराज दीड महिना फिरकला नव्हता, फोन मात्र रोज. मोशीचं ट्रॅफिक, ऑडिट, नात संस्कृतीची परीक्षा, सून तेजलची कंबर. चाकण ते पिंपरी, पूर्वी माणसं सायकलवर येत. त्या दिवशी त्यांनी त्या पांढऱ्या पट्टीत लिहिलं होतं, मुलगा भेटायला येत नाही तेव्हा आईनं काय करावं. लिहून त्या वाक्याकडं त्यांनी पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. असं कुणी यंत्राला विचारतं? शेवटच्या अक्षरापासून एकेक करून त्यांनी ते पुसलं, 'मुलगा' हा शब्द सगळ्यांत शेवटी. आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, कामाच्या दिवशी, दुपारी एकला दारात रविराज. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. "सहज आलो गं. वाटलं, यावं." त्यांनी पिठलं टाकलं होतं. तो दोनदा वाढून घेत जेवला आणि त्यांच्या पलंगावर, त्यांच्या पायाशी, लहानपणी झोपायचा तसा आडवा झोपला. त्याच्या केसांत पांढरं खूप झालं होतं. सुमनताई तासभर हलल्या नव्हत्या, त्याची झोप मोडेल म्हणून. त्या तासात त्यांना वाटलं होतं, काहीतरी असतं. पुसलेलं सुद्धा पोचतं. नाळ कापली तरी कुठून तरी काहीतरी जातं येतं. चिमाजी गेल्यानंतर देवावरचा त्यांचा जो थोडा राग होता तो त्या तासात गेला.

आता त्या दुपारचं काय करायचं? ती त्यांनी मनातल्या मनात काळ्यापुढं धरली, पांढऱ्यापुढं धरली. तो आला होता हे खरं होतं. पिठलं खरं होतं, पायाशी त्याचा श्वास खरा होता. पण आत काहीतरी फिरत होतं आणि थांबत नव्हतं. म्हणजे तो जिन्यातून वर येताना त्याच्या खिशात ते वाक्य होतं. जेवताना होतं. "सहज आलो," म्हणाला तेव्हाही. आणि त्या बापड्या सगळ्या गल्लीत सांगत फिरल्या, मुलाला मनातलं कळतं. त्यांना आठवलं, दोनदा-तीनदा त्या स्वतः रविराजलाच हे म्हणाल्या होत्या, "तुला कसं रे कळतं?" आणि तो हसला होता. ते हसणं आता त्यांना पुन्हा पुन्हा दिसायला लागलं.

आणि त्या हसण्याच्या मागून अंबुबाई आली. अंबुबाई कुरुळीची, चाकणकडच्या शेतकरी घरातली, तपासणीच्या खोलीत सुमनताईंच्या डाव्या हाताला बसायची. अकरा वर्षं दोघींचा डबा एक. अंबुबाईची भाकरी, सुमनताईंची भाजी. एके उन्हाळ्यात सुमनताईंनी एक बाटली उचलली, फिरवली, काळ्यापुढं धरली, तर आत केसाएवढा धागा. तांबड्या तबकात टाकली. आणि शेजारून एक श्वास सुटल्याचा आवाज आला. बस, तेवढाच. पण इतकी वर्षं शेजारी बसल्यावर माणसाचे श्वास ओळखू येतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं. अंबुबाई डब्याचं झाकण काढत होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "व्हय, मीच टाकली. न्हाई कशाला म्हनू?"

"किती दिवस?"

"दोन वर्सं झाली. सायबानं नेमलं. कुनाला बोलायचं न्हाई म्हनला."

"मला पण नाही?"

"तुला तर मुळीच न्हाई. तू धरतीस का न्हाई, म्हून माजाच जीव टांगनीला लागायचा गं. धरलीस की सुटल्यावानी वाटायचं."

सुमनताईंनी आपला डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या. पुढं पंधरा वर्षं त्या त्याच खोलीत, त्याच ओळीत होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. अंबुबाई निवृत्त झाली त्या दिवशी एक पेढा त्यांच्या टेबलावर ठेवून गेली. तो तिथंच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या. कोणी त्यांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मेमो मिळाला म्हणून नव्हे; मला तर मेमो कधी मिळालाच नाही. माझ्या शेजारी बसून, माझ्या भाजीत बोट बुडवून, तिनं मला पारखलं म्हणून.

घड्याळात दोन वाजले होते. पाचला फोन येणार होता. सुमनताईंनी खुर्ची पुढं ओढली. दिव्यावर त्यांचा विश्वास होता, घुबडावरही होता, पण तपासणीच्या माणसाला दुसऱ्याच्या नोंदीवर सही करता येत नाही. कोण जाणे, ते नुसतंच पडलेलं असेल, कधीचं. रविराज ते उघडतही नसेल. पट्टा, पीठ, फुलं, सगळे योगायोग असतील, आणि तो बुधवार-गुरुवार जसा होता तसा राहील. एक बाटली पेरायची. काय पेरावं यावर त्या खूप वेळ विचार करत बसल्या. आजार नको, वाचून घाबरला तर मोशीच्या रस्त्यानं गाडी हाणत येईल. घराचं, जागेचं नको. निरुपद्रवी हवं, आणि असं की जे त्यांच्या मनात जन्मात आलं नसेल. मग त्यांनी लिहिलं: पेटी शिकायचा क्लास पिंपरी. साठीनंतर पेटी शिकता येते का. लिहून त्यांना हसू आलं. त्यांना सूर मुळीच नव्हता. घरच्या गणपतीत त्या नुसते ओठ हलवायच्या, रविराज सात वर्षांचा असताना सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आई, तू फक्त टाळ्या वाजव." चिमाजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. ज्याला त्यांचं मन माहीत आहे त्याला ही बाटली हातात घेताक्षणी कळली असती.

पाचला फोन आला. त्यानं पाण्याच्या टाकीचं विचारलं. संस्कृतीला गणितात किती पडले ते सांगितलं. सुमनताई श्वास धरून ऐकत होत्या आणि त्यांना समजलं की अंबुबाईचा श्वास कसा होता. फक्त अंबुबाई थांबली होती ती बाटली धरली जावी म्हणून, आणि त्या, ती धरली जाऊ नये म्हणून. "चल, ठेवतो, मीटिंग आहे," तो म्हणाला, आणि त्यांचा श्वास सुटला, देवा, नाही, नाही वाचत तो.

"अरे हां, आई," रविराज म्हणाला. "एक सुचलं मला. तू दुपारची नुसती बसतेस. काहीतरी शीक ना. पेटी-बिटी. हल्ली सगळे शिकतात, वयाचं काही नसतं."

"पेटी," सुमनताई म्हणाल्या.

"हो. बघ, आवडेल तुला."

शुक्रवार आणि शनिवार त्यांनी संगणकाला हात लावला नाही. पिवळी चौकट त्यावर तशीच होती, दोन बटणं घेऊन. त्यांना राग येत नव्हता आणि त्याचंच नवल वाटत होतं. उलट एकदा जाईबाईंकडं जाता जाता त्या अर्ध्या जिन्यात थांबल्या, कारण त्यांच्या मनात आलं, काढून टाकलं की मग गुडघ्याचं कोण विचारणार? लहानशी, लबाड अशी ती गोष्ट होती, पण ती मनात आली. राहू द्या दाबलं तर सगळं राहतं. पाचचा फोन, पीठ, फुलं. आपण ते वाक्य मुद्दाम लिहायचं आणि मुद्दाम पुसायचं, की दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात. कितीतरी आया याच्यापेक्षा कमीवर दिवस काढतात. पण तो पेटी म्हणाला होता. वाचलं, आणि ओळखलं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या मुलाला आपली आई बेसूर आहे हे आठवलं नाही, कारण आता आठवायची गरजच उरली नव्हती. खिशात लिहून येत होतं.

रविवारी अकराला तो आला, घामाघूम, रेक्झिनच्या काळ्या खोक्यासकट. खोकं त्यानं दिवाणावर ठेवलं आणि जादूगारासारखा मागं सरकला.

"उघड. बघ काय आणलंय."

पेटी सुंदर होती. पांढऱ्या पट्ट्या, पितळेची कडी. सुमनताईंनी भाता थोडा उघडला. आतून नुसता वारा निघाला.

"कसं कळलं रे तुला?" त्यांनी विचारलं. त्याला खरं सांगायला अजून वाट होती. त्यांनी ती स्वतः उघडी धरली होती.

"आईचं मन मुलाला कळणार नाही तर कुणाला?" रविराज म्हणाला, आणि त्यांच्याचसारखा, हुबेहूब, खुशीत लाजला. "बरं, चहा टाक तू. मी तेवढा अँटीव्हायरस उरकतो. तोच जुना पुन्हा टाकू, त्याचं सगळं सेट आहे."

"थांब, मला एक बघायचंय त्याच्यावर. तू बस तिथं."

तो दिवाणावर पेटीशेजारी बसला. त्याला पडदा दिसत नव्हता. सुमनताई खुर्चीत बसल्या, चष्मा खाली घेतला, आणि त्या पांढऱ्या पट्टीत लिहिलं, घाई न करता, कंपनीतल्या नोंदीसारखं: मला पेटी कधीच नको होती. रवी, तू मला का विचारलं नाहीस. आणि बटण दाबलं.

पंख्याचा आवाज येत होता. समोरच्या गच्चीवर जाईबाई कुरडया उलटत होत्या. पाच आकडे. आणखी पाच. मग रविराजच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला, अगदी बारीक, चिमणीनं एकदाच चिवचिवावं तसा. त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला. त्यानं वाचलं. सुमनताई त्याच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. अंगठा काचेवर थांबला होता, सगळं थांबलं होतं. फक्त डाव्या गालापाशी, कानाच्या खाली, काहीतरी बारीक हलत होतं, लहानपणी खोटं बोलायच्या आधी हलायचं ते.

"काय रे आलं?" त्यांनी विचारलं. व्हय, मीच टाकली, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. त्यांना आता माहीत होतं की ते म्हणायला किती ताकद लागते, आणि ते म्हणणाऱ्या एकाच माणसाशी त्या पंधरा वर्षं बोलल्या नव्हत्या. म्हण, रवी. मी डबा उचलणार नाही. शप्पथ, या वेळी मी उठणार नाही.

रविराजनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"काही नाही गं. कंपनीचं आहे. रविवारी पण सोडत नाहीत."

"असं का," सुमनताई म्हणाल्या.

त्यांनी मान वळवली. घुबडाची पिवळी चौकट पुढं घेतली, दोन्ही बटणं नीट वाचली, बोटानं धरून, आणि डावीकडचं, काढून टाका, दाबलं. चौकट मिटली. आता कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता आणि इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ लावायची त्यांना गरज नव्हती.

रविराजच्या मांडीवर फोन पुन्हा वाजला.

रविराज हलला नाही. फोनवर त्याचा तळहात पसरलेला होता, झाकण घातल्यासारखा. शेजारी पेटीचा भाता उघडाच राहिला होता आणि त्यातून हळूहळू वारा जात होता, कुठल्याही सुराशिवाय. सुमनताई उठल्या, चहाचं आधण ठेवायला आत गेल्या, आणि या वेळी त्यांनी काय आलं म्हणून विचारलं नाही.